मामूल आणि मामुली

लाच न देण्याचं काम पूर्ण पगारावर करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्यांच्या टेबलावर 'व्यवस्थापक, शासकीय समन्वय' अशी पितळी पाटी होती. बंगळुरूतल्या बऱ्याच कंपन्यांत हा हुद्दा नेमक्या उलट कामासाठी ठेवलेला असतो, हे मला नोकरीला लागल्यावर लवकरच कळलं. ती पाटी वाचून एजंट, सल्लागार, कुणाकुणाचे मेहुणे येऊन खुर्ची ओढून बसायचे, आवाज खाली आणायचे आणि पुढे वाकायचे. त्यावर हे खच्चून ओरडायचे, "जरा जोरात बोला की! मला कमी ऐकू येतंय." वास्तविक त्यांचे कान इतके तिखट होते की पलीकडच्या खोलीतली पाल चुकचुकली तरी ते वर बघायचे. पण मोठ्यानं बोलायची पाळी आली की समोरच्याकडे बोलण्यासारखं काही उरायचं नाही. पाहुणा पाणी पिऊन निघून जायचा.

मी नागपूरहून आले तेव्हा त्यांना पहिल्याच दिवशी 'काका' म्हटलं. "काका नागपुरात," ते म्हणाले, "इथं अण्णा." वॉचमनपासून परदेशी डायरेक्टरपर्यंत सगळे त्यांना अण्णाच म्हणत. ते निपाणीकडचे. त्यांची मराठी कन्नडच्या मांडीवर वाढलेली आणि माझी हिंदीच्या. आम्ही दोघं बोलायला लागलो की ऑफिसातले पुणेकर एकमेकांकडे बघत, ही नक्की कुठली भाषा म्हणून. मला अण्णांची एकेक गोष्ट आधी विचित्र वाटली आणि मग त्यांच्याशिवाय ऑफिस कसं चालतं हेच समजेनासं झालं.

आमची कंपनी उत्तर युरोपातल्या एका थंड देशातली. इस्पितळातल्या यंत्रांचे सुटे भाग बनवायची. महादेवपुऱ्यात आमचं ऑफिस होतं आणि त्याच्या पुढे, शहर संपता संपता, कारखाना उभा राहत होता. माझं काम कागद लावायचं, बैठकांची टिपणं काढायची आणि अण्णांच्या मागे सरकारी कचेऱ्यांत जायचं.

अण्णा कचेरीत जाताना फाइलबरोबर एक कापडी पिशवी न्यायचे. हिवाळ्यात तिच्यात पावट्याच्या शेंगा असत. इथे त्यांना अवरेकाई म्हणतात आणि त्या दिवसांत सगळं बंगळुरू त्यांच्या वासानं दरवळतं. साहेब मीटिंगमध्ये आहेत, असं ऐकलं की अण्णा व्हरांड्यातल्या बाकावर बसायचे, मांडीवर पंचा पसरायचे आणि शेंगा सोलायला लागायचे. हंगाम नसला तर लसूण. सोललेले दाणे घरी जायचे. के. आर. पुरमला त्यांचं घर होतं आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे अक्का, मला एकदा म्हणाल्या होत्या, "ह्यांची फाइल अडकली की माझं स्वयंपाकघर सुटतंय बघ."

त्या पिशवीची कचेऱ्यांमध्ये दहशत होती. लहान पिशवी दिसली तर अण्णा जेवायला घरी जाणार आहेत, मोठी दिसली तर संध्याकाळी कुलूप लागेपर्यंत उठणार नाहीत, हे शिपायांना ठाऊक होतं. "अण्णा बंदरु," म्हणजे अण्णा आले, अशी कुजबुज टेबलामागून टेबल पुढे सरकायची. ते कुणावर रागवत नसत, अर्ज करत नसत, ओळखी सांगत नसत. नुसते बसत. "थांबायला पैसे पडत नाहीत गं," ते मला म्हणायचे. "पैसे पडतात ते घाईला. लाच म्हणजे काय? घाईवरचा कर. तुला घाईच नसली तर तो कर कुणाला लावणार?"

एकदा एका शिपायानं मूठभर दाणे मागितले. अण्णांनी चक्क नाही म्हटलं. मला इतकी लाज वाटली! बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अहो अण्णा, दाणे होते ते. सोन्याचे मणी नव्हते." ते म्हणाले, "आज दाणा दिला तर उद्या तो कुठल्या खात्यात जमा धरायचा?" पुढे त्याच शिपायाच्या मुलीच्या लग्नाला ते मला घेऊन गेले, पोटभर जेवले, अहेर केला, नवरीच्या डोक्यावर हात ठेवला. "हे कसं चालतं?" मी विचारलं. "आता आपली फाइल तिथं नाही की," ते म्हणाले.

कॉफीचंही तेच. बंगळुरूत दोघांत एक कॉफी घ्यायची रीत आहे, बाय-टू म्हणतात. अण्णा अधिकाऱ्यांबरोबर खुशाल कॉफी प्यायचे, पण बाय-टूच, आणि आपल्या अर्ध्याचे पैसे आपण देऊन. समोरच्यानं पूर्ण बिल द्यायला हात घातला तर त्याचा हात धरायचे. मोठमोठ्या साहेबांना मी त्यांच्यामुळे खिशात सुटे चाचपडताना पाहिलंय.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल की अण्णा सरकारवर जळफळणारे असतील. मुळीच नाही. आमच्या परदेशी लोकांपैकी कुणी 'तुमच्याकडे नियम फार' असं म्हटलं की अण्णांचं डोकं फिरायचं. नियम त्यांना पाठ होते आणि ते ते चवीनं म्हणायचे. जिन्याची रुंदी, कठड्याची उंची, पाण्याच्या टाकीचं झाकण. "प्रत्येक नियमाच्या मागं एक मेलेला माणूस आहे," ते म्हणायचे. "कुणीतरी पडला म्हणून कठडा आला. कुणीतरी बुडालं म्हणून झाकण आलं. नियम वाईट नाही. त्याला दुकानात मांडून विकणारा वाईट. आणि विकत घेणारा त्याहून वाईट, कारण त्याला वाटतंय की आपण नियमातनं सुटलो."

आमच्या रस्त्यावरच एक काचेची इमारत होती. तीही परदेशी कंपनीची. त्यांनी सगळ्या परवानग्या झटपट आणल्या, आमच्या आधी. तिथला व्यवस्थापक अण्णांना हसायचा. मग काय झालं, तर हे देतात अशी कीर्ती झाली. एक खातं तृप्त होऊन गेलं की दुसरं यायचं, ज्यांचा काही संबंध नाही तेही यायचे. शेवटी परदेशातल्या मालकांच्या कानावर गेलं. त्यांच्या देशात असा कायदा की जगात कुठंही लाच दिली तरी खटला घरी चालतो. मालकांनी गाशा गुंडाळला. इमारतीवर 'भाड्याने देणे आहे'ची पाटी लागली आणि तिथे कामाला असलेली पोरं आमच्या दारात अर्ज घेऊन उभी राहिली. अण्णा त्या इमारतीवरून जाताना दरवेळी थांबून बघायचे. हसणारा व्यवस्थापक गेला याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मला कधी दिसला नाही.

"परदेशी पैसा म्हणजे नवा पाहुणा," ते म्हणायचे. "त्याला तुझा सोफा दिसत नाही. त्याला दिसतं की घरातली माणसं एकमेकांना काय दबक्या आवाजात सांगालीत."

या पाहुण्यांना त्यांनी एक परीक्षा लावून ठेवली होती. परदेशातून कुणी मोठा माणूस आला की अण्णा त्याला के. आर. पुरमच्या आपल्या शिंप्याकडे न्यायचे आणि माप द्यायला लावायचे. शिंपी म्हणायचा, मंगळवारी या. मंगळवारी गेलं की म्हणायचा, शुक्रवारी या. कुणी चिडायचे, कुणी दुप्पट पैसे देऊ करायचे. दुप्पट पैसे देऊ करणाऱ्याबद्दल अण्णा माझ्या कानात सांगायचे, "ह्याच्यावर लक्ष ठेव." आमच्या नव्या प्रकल्पप्रमुख बाई आल्या, उंच, पिकल्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी कुर्त्याचं माप दिलं. मंगळवारी गेल्या, शुक्रवारी गेल्या, पुढच्या मंगळवारी पुस्तक घेऊन गेल्या आणि शिंप्याच्या बाकावर वाचत बसल्या. अण्णा खूश. "ही बाई कारखाना काढणार," त्यांनी जाहीर केलं.

त्या बाईंना अण्णांनी शब्द दिला होता की मी असेपर्यंत या कारखान्यासाठी एक पैसा टेबलाखालून जाणार नाही, आणि गेला तर त्या दिवशी मी घरी जाईन. आणि आता सगळं एका परवानगीवर येऊन ठेपलं होतं. कारखान्याची इमारत तयार होती. गावोगावच्या मुलामुलींना, बहुतेक मुलीच, नेमणूकपत्रं गेली होती. त्यातल्या कितीतरी जणी रायचूर, बेळगावकडून येऊन वसतिगृहात राहून यंत्रं चालवायला शिकत होत्या. यंत्रं बोटीवर चढायची होती. राहिला होता तो अग्निसुरक्षेचा दाखला. बाईंच्या देशातलं संचालक मंडळ महिनाअखेरीला बसणार होतं. तोवर दाखला नसेल तर यंत्रं दुसऱ्या देशात जाणार, आणि लाच देऊन दाखला आणला असेल तर कंपनीच इथून जाणार. दोन्ही बाजूंनी आमची नोकरी बोटीवर. मी तर बंगळुरूच्या रिवाजाप्रमाणे घरमालकाला भलंमोठं डिपॉझिट देऊन नुकतीच महादेवपुऱ्यात बस्तान मांडून बसले होते.

अग्निशमन खात्याचे तपासनीस आले त्या दिवशी अण्णा इमारत बांधणाऱ्या कंत्राटदाराला घेऊन गच्चीवर पाण्याची टाकी दाखवायला पुढे गेले. तपासनीस काही जिना चढले नाहीत. खालीच एक चक्कर मारली, भिंतीकडे बघितलं, फोनवर बोलले आणि गेटाकडे निघाले. मी आणि बाई त्यांना पोचवायला गेलो. गाडीत बसताना ते मला म्हणाले, "एल्ला सरी इदे, अक्का. मामूलु नोडकोळ्ळी."

माझं कन्नड तेव्हा नुकतं रांगायला लागलं होतं. अण्णाच मला पुढे ढकलायचे, तोंड उघडल्याशिवाय भाषा येत नाही म्हणून. अक्का, म्हणजे ताई. एल्ला सरी, म्हणजे सगळं ठीक. नोडकोळ्ळी, म्हणजे बघून घ्या. मधला शब्द तर आमचाच निघाला! मामुली. आमच्या नागपुरात दिवसातून किती वेळा म्हणतो, मामुली बात आहे. इतका आनंद झाला मला. बाईंनी विचारलं, काय म्हणाले? मी छाती फुगवून सांगितलं, "सगळं ठीक आहे, एक मामुली गोष्ट राहिलीय, तेवढी बघून घ्या म्हणाले."

बाईंना काम अर्धवट ठेवलेलं खपत नसे. त्यांनी मला तो शब्द पुन्हा उच्चारायला लावला, लिहून घेतला, आणि संध्याकाळच्या आत त्या खात्याला रीतसर पत्र पाठवलं. तपासनीसांना, त्यांच्या वरिष्ठ अधिकारी बाईंना आणि आम्हा सगळ्यांना प्रत. त्यात नम्रपणे लिहिलं होतं की आपल्या तपासनीसांनी सर्व काही समाधानकारक असल्याचं सांगितलं, फक्त स्थानिक भाषेत ज्याला 'मामूल' म्हणतात ती एक बाब बाकी आहे. ही बाब नेमकी कोणती आणि ती कोणत्या नियमाखाली येते हे कळवावं, म्हणजे आम्ही ती तात्काळ पूर्ण करू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात शिरले तर अण्णा टेबलावर डोकं ठेवून गदगदत होते. मला वाटलं रडतायत. जवळ गेले तर हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "पोरी," ते म्हणाले, "मामूल म्हणजे काय ते ठाऊक हाय काय तुला?"

"मामुली. किरकोळ."

"किरकोळ!" ते पुन्हा टेबलावर. मग डोळे पुसून त्यांनी सांगितलं. कन्नडमध्ये मामूल म्हणजे नेहमीचं. रिवाजातलं. आणि सरकारी माणसानं गाडीत बसता बसता म्हटलं तर, जे नेहमी देतात ते.

परदेशी कंपनीच्या कागदावर, वरिष्ठांना प्रत लावून, आम्ही सरकारला विचारलं होतं की आपली लाच कुठल्या नियमाखाली येते. कंत्राटदार धावत आला. त्याचे होश उडाले होते. "अण्णा, फाइल आता पाताळात जाणार. मी जाऊन बोलतो. माफी मागू, गैरसमज झाला म्हणू, आणि स्वल्प अड्जस्ट माडी, थोडं जमवून घेऊ. सगळेच करतात."

"मी पत्र लिहिते," मी म्हटलं. मला रडू येत होतं. "माझी चूक आहे असं लिहिते."

अण्णांचं हसणं थांबलं. "एक अक्षर लिहायचं नाही," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी ह्या कचेऱ्यांत शेंगा सोलालोय. मला जो प्रश्न विचारायचं सुचलं नाही तो तुम्ही दोघींनी विचारलाय. आता उत्तर येईपर्यंत बसायचं."

पिशवी त्या दिवशी सगळ्यात मोठी होती. मलाही एक पंचा दिला. आम्ही दोघं व्हरांड्यात शेंगा सोलत बसलो. येणारा-जाणारा आमच्याकडे बघून पटकन नजर फिरवत होता, पत्राची बातमी साऱ्या मजल्यांवर पोचली होती. मध्ये अण्णांनी हळूच विचारलं, "आत बोलावलं तर काय सांगणार?"

"खरं सांगणार."

"कुठलं खरं? कन्नडमधलं की मराठीतलं?"

मी मनात हिशेब करून बघितला. लाच मागितली म्हटलं तर पुरावा काय? तपासनीस नाकबूल जाणार आणि वाद मिटेपर्यंत यंत्रं कुठल्या कुठे पोचलेली असणार. गैरसमज झाला म्हटलं तर पुन्हा तेच मामूल, आणि अण्णा घरी.

"मराठीतलं सांग," अण्णा म्हणाले. "तेही खरंच हाय की."

दुपारी बोलावणं आलं. वरिष्ठ अधिकारी बाई चष्म्यावरून बघणाऱ्या होत्या. त्यांच्यापुढे आमचं पत्र, बाजूला तपासनीस, मान ताठ, कानांच्या पाळ्या लाल. अण्णा आत आले पण बोलले नाहीत, पंच्याला हात पुसत मागे उभे राहिले. अधिकारी बाईंनी मलाच विचारलं, "एनु इदु मामूलु?" हे मामूल म्हणजे काय?

मी मोडक्या कन्नडमध्ये सुरू केलं आणि इंग्रजीत शेवट केला. म्हटलं, मॅडम, मी मराठी आहे. आमच्या भाषेत मामुली म्हणजे बारीकशी गोष्ट. साहेब म्हणाले एक मामुली गोष्ट बघून घ्या. आम्ही सगळी इमारत धुंडाळली, आम्हाला ती सापडेना. साहेबांनी येऊन दाखवली तर फार उपकार होतील.

मी तपासनीसांकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर हसले असते किंवा रडले असते. अधिकारी बाईंनी पत्राची घडी घातली. त्यांना सगळं समजलं होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. आपल्या माणसाकडे बघून त्या इतकंच म्हणाल्या, "होगि तोरिसी."

जा आणि दाखवा.

तपासनीस आले ते दातओठ खात. यावेळी त्यांना काहीतरी शोधून काढणं भाग होतं, नाहीतर वरिष्ठांपुढे काय सांगणार? ते प्रत्येक जिना चढले, प्रत्येक नळ सोडून बघितला, भोंगे वाजवले, गुडघ्यावर बसून वायरी तपासल्या. आम्ही मागे मागे, जीव मुठीत धरून. कंत्राटदार कुजबुजत होता, "बघा, आता काही ना काही काढणार." आणि काढलंच. वरच्या मजल्यावर, मुलींची बाकं मांडायची होती त्या दालनाच्या टोकाला, मागच्या जिन्याचं दार होतं. तपासनीसांनी ते ढकललं. हललं नाही. ओढलं, तर आत उघडलं.

"उलटं बसवलंय," ते म्हणाले. आवाजात विजय होता. "आग लागली की माणसं दाराकडे धावतात. मागचे पुढच्यांना रेटतात. आत उघडणारं दार मग कुणाच्या बापाला उघडत नाही."

कंत्राटदार हसला. "एवढंच ना सर? मामुली!"

मी अण्णांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या दारातून त्यांनी स्वतः कितीदा ये-जा केली होती. जिन्याची रुंदी, कठड्याची उंची मला ऐकवली होती ती त्याच जिन्यात उभं राहून. नियम मंत्रासारखे म्हणणारा हा माणूस, आणि ते दार त्याला दिसलं नव्हतं. त्यांनी कडीला हात लावला, दार उघड-बंद करून बघितलं, मग तपासनीसांकडे वळून दोन्ही हात जोडले. खोटे नव्हे, कपाळापर्यंत.

"साहेब," ते कन्नडमध्ये म्हणाले, "मामूल दिलं असतं तर हे दार असंच राहिलं असतं. आमच्या पोरींचे जीव वाचवलेत तुम्ही."

तपासनीस गोंधळले. माणसानं शिवी दिली असती तर त्यांना उत्तर ठाऊक होतं. या नमस्काराचं काय करायचं ते त्यांना सुचेना. मग खिशातून पेन काढलं, आणि सगळं दालन त्यांनी पुन्हा पहिल्यापासून तपासलं, पण आता वेगळ्या तऱ्हेनं. जाता जाता बाहेर पडायच्या वाटेवरचे फलक नुसते इंग्रजीत आहेत, ते कन्नडमध्येही लावा, म्हणाले. "गावाकडच्या मुली आहेत ना? धुरात त्यांनी आधी इंग्रजी शिकायचं काय?"

दार उलटून बसवायला चौकटच बदलावी लागणार होती आणि महिनाअखेर तोंडावर आली होती. कंत्राटदार म्हणाला, दाखला आधी घेऊ, दार मागाहून करू, मी साहेबांशी बोलतो. अण्णांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा त्या विषयावर आला नाही. आता सारं बाईंच्या हातात होतं. त्यांनी आपल्या मंडळाला काय कळवलं ते मला ठाऊक आहे, कारण मजकूर त्यांनी मला आधी वाचून दाखवला. त्यांनी लिहिलं, दाखल्याला उशीर होईल, कारण आमच्या आणि तुमच्या अभियंत्यांच्या नजरेतून सुटलेली एक जीवघेणी चूक इथल्या सरकारी तपासनीसानं शोधून काढली आहे. जिथे तपासनीस दार ढकलून बघतो तिथे पैसा गुंतवायला मी तयार आहे. यंत्रं थोडी थांबवा, वळवू नका.

मंडळाचं उत्तर येईपर्यंत ऑफिसात कुणाचं लक्ष कामात नव्हतं. अण्णा तेवढे शांत. सरकारी कचेरीत काम नसतानाही त्यांनी शेंगा आणल्या होत्या आणि टेबलावरच सोलत होते. "ती थांबणार बघ," ते म्हणाले. "शिंप्याकडं पुस्तक घेऊन गेलेली बाई हाय ती."

मंडळ थांबलं. दार बाहेर उघडायला लागलं. दाखला आला, सरळ, टपालानं, आणि यंत्रं इथेच उतरली. उद्घाटनाला बाईंनी शिंप्याकडचा कुर्ता घातला. इतका सुरेख बसला होता की बायका मागून शिवण बघत होत्या. फीत कापायला कात्री आली तर अण्णांनी ती बाजूला ठेवली. सगळ्यांना वरच्या मजल्यावर नेलं, रायचूरच्या एका मुलीला पुढे केलं आणि मागचं दार ढकलायला सांगितलं. तेच आमचं उद्घाटन. तपासनीसांना बोलावणं होतं. ते आले नाहीत, आणि त्याबद्दल अण्णांना त्यांचा आदरच वाटला. ते पुढे सुधारले का, मला माहीत नाही. येलहंकाकडे बदली झाली एवढं कानावर आलं. आमच्याकडे मात्र त्यानंतर कुणी आवाज खाली आणला नाही. देत नाहीत अशीही कीर्ती होते, आणि तीही एका खात्यातून दुसऱ्या खात्यात आपल्या आधी पोचते.

अण्णा निवृत्त होऊन गावी गेले. त्यांची पितळी पाटी आता माझ्या टेबलावर आहे. आवाज खाली आणणाऱ्या माणसाला मीही सांगते, मला कमी ऐकू येतं. नवे गुंतवणूकदार विचारतात, इथे काम करून घ्यायला काय लागतं? मी त्यांना शिंप्याकडे नेते. कचेरीत जाताना माझ्याकडेही पिशवी असते, लसणाची.

या वर्षी, भर दुपारी, वरच्या मजल्यावर एका यंत्राच्या वायरीनं पेट घेतला. आग फार नव्हती, पण धूर इतका की समोरचा हात दिसेना. मी तिथेच होते. भोंगा वाजला आणि सगळ्या मुली मागच्या जिन्याकडे धावल्या. मागच्यांनी पुढच्यांना रेटलं, मलाही रेटलं, माझं तोंड कुणाच्या तरी पाठीवर दाबलं गेलं. ओरडायला श्वास नव्हता. आणि मग ती सगळी गर्दी एकदम पुढे सरकली, सरकत राहिली, आणि मी खाली, उजेडात, गवतावर बसून खोकत होते. आम्ही मुली पुन्हा पुन्हा मोजल्या. सगळ्या होत्या.

मोजून झाल्यावर मी अण्णांना फोन लावला. कुठून सुरुवात करावी कळेना. आग लागली होती, एवढंच म्हणाले. त्यांनी एकच शब्द विचारला.

"दार?"

"बाहेर उघडलं, अण्णा. सगळ्या बाहेर आहेत."

नाक ओढल्याचा आवाज आला. मग, माझ्यासारख्याच नागपुरी थाटात, ते म्हणाले, "मग मामुली बात हाय की गं." आणि मला फोनमध्ये शेंग फुटल्याचा आवाज ऐकू आला.